पगार विभागातल्या मंडळींनो, मागच्या पगाराचं पहिल्याच दिवशी विचारा

प्रति,
महाड, लोटे, मिरजोळे, कुडाळ आणि मधल्या सगळ्या किनाऱ्यावर कारखान्यांची, कोल्ड स्टोरेजची, हॉटेलांची पगारपत्रकं बनवणारी मंडळी

जानेवारी २०२६

सप्रेम नमस्कार,

मी केमिस्ट. खेडच्या बाजूला एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढली, आता रत्नागिरीजवळ मासळी प्रक्रियेच्या युनिटमध्ये आहे. आधी नाकात सॉल्व्हंट असायचं, आता कोळंबी असते. काम तेच. नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा लिहून खाली सही करायची. आकड्यांना मी घाबरणारी नाही हे कळावं म्हणून एवढी ओळख. तरीसुद्धा सॅलरी स्लिपवर आयकराच्या रकान्यातल्या एका शून्याने मला चांगलंच फसवलं, आणि ते शून्य तुमच्यासारख्याच दोन टेबलांवरून आलं होतं.

झालं ते असं. २०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला आले. ते घरी केले, उरलीसुरली रजा त्यातच संपवली आणि ३० सप्टेंबरला गेटपास, हेल्मेट, लॉकरची किल्ली जमा करून जुन्या कंपनीतून बाहेर पडले. १ ऑक्टोबरला नव्या कंपनीत हजर. एचआरच्या मुलाने माझ्यासमोर प्लास्टिकच्या फायलीत एकेक कागद लावला. आधार, पॅन, रद्द केलेला चेक, रिलीव्हिंग लेटर, डिग्रीची झेरॉक्स, पीएफचा फॉर्म ११, दोन फोटो. आणि जुन्या कंपनीच्या शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा.

त्या तीन स्लिपा लक्षात ठेवा. मला किती पगार द्यायचा हे ठरवताना त्या नीट वाचल्या गेल्या होत्या, इतक्या नीट की जुना प्रवासभत्ता कुठल्या महिन्यात बंद झाला हेसुद्धा मला विचारलं गेलं. माझा कर किती कापायचा हे ठरवताना मात्र त्या कुणी उघडल्या नाहीत.

जुन्या कंपनीत माझा ग्रॉस पगार महिना ६०,००० होता. त्यांनी वर्षाचा अंदाज बांधला, ७,२०,०००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे पगारदाराला मिळणाऱ्या सरसकट वजावटीचे ७५,००० वजा केले, राहिले ६,४५,०००. त्या वर्षी नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होत होता. त्यामुळे कपात शून्य. हिशोब चोख. नव्या कंपनीत पगार ७५,०००. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, म्हणजे ४,५०,०००. त्यांनीही ७५,००० वजा केले आणि शून्य लिहिलं. त्यांचाही हिशोब त्यांच्यापुरता चोख.

माझं वर्ष मात्र एकच होतं. ३,६०,००० आणि ४,५०,००० मिळून ८,१०,०००. स्टँडर्ड डिडक्शन माणसाला वर्षातून एकदाच मिळतं, दर कंपनीमागे मिळत नाही. ते वजा करून उरले ७,३५,०००. सात लाखांची रेघ ओलांडली की सूट गेली. कर २३,५००, त्यावर चार टक्के सेस, एकूण २४,४४०. कापलेला कर शून्य. ट्रकची पुढची चाकं एका काट्यावर आणि मागची दुसऱ्या काट्यावर तोलायची आणि दोन्हीकडून ‘ओव्हरलोड नाही’ अशी पावती द्यायची, त्यातला हा प्रकार.

मला हे कळलं २०२५ च्या जुलैमध्ये. खेडच्या बाजारपेठेत आमच्या कर सल्लागारांचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. बाहेर धो धो पाऊस, दारात बादलीत उभ्या केलेल्या ओल्या छत्र्या, आणि आत बसलेल्या प्रत्येकाची जगबुडी नदीचं पाणी कुठवर आलं याची फोनवर चौकशी. माझ्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक उताऱ्यात, दोन्ही कंपन्यांचे पगार एकाखाली एक दिसत होते. आयकर खात्याला ते दिसत होते, सल्लागारांना दिसत होते, मला दिसत होते. फक्त ज्यांना कर कापायचा होता त्या दोघांना एकमेकांचे आकडे माहीत नव्हते. सल्लागारांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, “ताई, २६,६४० भरावे लागतील.”

२४,४४० चे २६,६४० झाले ते व्याजामुळे. कापून न गेलेला कर १०,००० किंवा जास्त असेल तर तो वर्षातल्या वर्षात, चार हप्त्यांत, आपणहून भरायचा असतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. मी एकही हप्ता भरला नव्हता, कारण भरायचा आहे हेच माहीत नव्हतं. हप्ते चुकल्याचं व्याज १,२२८ आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत दरमहा एक टक्क्याने ९७६; बेरीज दहाच्या पटीत धरली. मला विनोदी वाटलेली गोष्ट अशी, की १५ जून आणि १५ सप्टेंबरच्या हप्त्यांवरही व्याज लागलं. त्या तारखांना मी जुन्या कंपनीत होते आणि नव्या नोकरीची ऑफरसुद्धा हातात नव्हती! सल्लागारांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, कॉम्प्युटरला तुमची ऑफर माहीत नसते.

आता तुम्ही म्हणाल, यात आमची काय चूक? कायद्याने पाहिलं तर काहीच नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९२ सांगतं की मालकाने पगारावरचा कर कापावा. वर्षाच्या मधेच आलेला नोकर मागच्या पगाराचा तपशील देऊ शकतो, आणि त्याने तो दिला की तुम्हाला तो धरूनच कर कापावा लागतो. त्यासाठी फॉर्म १२ बी आहे. द्यायचा की नाही ते नोकराच्या मर्जीवर. मी तो दिला नाही, म्हणजे चूक माझी, आणि पैसेही मीच भरले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील, पण मागचा पगार धरल्याशिवाय वर्षाचा हिशोब पुरा होत नाही, हे बदलणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या फॉर्मचं नावच माणसाने ऐकलेलं नाही, तो देणं त्याच्या मर्जीवर आहे म्हणण्याला काही अर्थ नाही. मी आमच्या पॅन्ट्रीत सहज विचारलं. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, डिस्पॅच, सगळे मिळून नऊजण होते. पाचजणांनी गेल्या तीन वर्षांत नोकरी बदललेली. १२ बी एकालाही माहीत नव्हता. एकाने विचारलं, “गाडीच्या पासिंगचा असतो तो का?”

जॉइनिंगच्या फायलीत तुम्ही फॉर्म ११ न चुकता भरून घेता, कारण पीएफचं खातं त्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याच्याच मागे १२ बी लावायला किती वेळ लागेल? एक पानाचा तर आहे. मागच्या कंपनीचं नाव-पत्ता, तिचा पॅन आणि टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर), कधीपासून कधीपर्यंत काम केलं, पगार किती, पीएफ किती गेला, कर किती कापला. संपलं.

पण यातला टॅन हा खरा खडक आहे, आणि तिथे मी जुन्या कंपनीच्या टेबलाकडे, म्हणजे निरोप देणाऱ्या तुमच्यातल्याच मंडळींकडे वळते. माझ्या अकरा वर्षांच्या एकाही सॅलरी स्लिपवर कंपनीचा टॅन छापलेला नव्हता. तो असतो फॉर्म १६ वर. तो येतो वर्ष संपल्यावर, १५ जूनपर्यंत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नव्या जागी जो आकडा द्यायचा, तो हातात पडणार पुढच्या जूनमध्ये. मी तर त्याहून पुढची. माझा कर कापलाच नव्हता, त्यामुळे फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, “कापलाच नाही तर फॉर्म १६ कसला द्यायचा?” तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे हो. ते कापलेल्या कराचं प्रमाणपत्र आहे. पण मला प्रमाणपत्र नको होतं. एप्रिल ते सप्टेंबर किती पगार दिला, किती कर कापला, तुमचा टॅन काय, एवढ्या चार ओळी लेटरहेडवर हव्या होत्या. त्या चार ओळी रिलीव्हिंग लेटरबरोबर दिल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. रिलीव्हिंग लेटरमध्ये ‘त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असं वाक्य होतं, हे नोंदवून ठेवते.

शेवटचा हिशोबही दीड महिन्याने मिळाला, सप्टेंबरचा पगार त्यातच अडकलेला. त्याबद्दल इथे रडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा असं तिच्यात म्हटलंय. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की आता बारा लाखांपर्यंत करच नाही, तुझी भानगड गेल्या वर्षीची, ती मिटली. माझ्यापुरती मिटली, खरं आहे. यंदा माझे नऊ लाख होतात आणि कर शून्य. पण रेघ सातवरून बारावर सरकली, पुसली गेलेली नाही. रेघेच्या अलीकडे-पलीकडे जो आहे त्याचं काय होतं ते गेल्या आठवड्यात आमच्याकडेच पाहिलं.

आमचे एक मेंटेनन्स मॅनेजर डिसेंबरमध्ये महाडकडून आले. आधी १,०५,००० होते, इथे १,३०,०००. जुन्या कंपनीच्या अंदाजाने वर्षाचे १२,६०,०००, स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता ११,८५,०००, म्हणून त्यांची कपात शून्य. माझं ऐकून त्यांनी १२ बी भरला. मला वाटलं, चला, एक माणूस वाचला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते स्लिप घेऊन लॅबमध्ये आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. कराच्या रकान्यात १८,९१५.

“मॅडम, पंचवीस हजार वाढवून एकोणीस हजार काढून घेतले. हा कुठला न्याय?”

मी हिशोब मांडला. आठ महिन्यांचे ८,४०,०००, चार महिन्यांचे ५,२०,०००, एकूण १३,६०,०००. ७५,००० गेले, १२,८५,००० राहिले. कर ७२,७५०, सेस धरून ७५,६६०. मागे शून्य कापलेलं, म्हणजे सगळा कर उरलेल्या चार पगारांतून. भागिले चार, १८,९१५. पैशाचा फरक नाही. आमच्या पगार विभागाने अगदी बरोबर काम केलं होतं, आणि तरी माणूस राजीनाम्याच्या गोष्टी करत होता, कारण स्लिपवर फक्त आकडा होता. कंपनी आपल्याला गंडवतेय असंच त्यांना वाटलं. त्यांच्या बायकोने गावातल्या घराच्या कौलांसाठी त्या वाढीवर बोलणी करून ठेवली होती. त्याच स्लिपच्या खाली ‘मागील नोकरीचे उत्पन्न धरून, उर्वरित चार महिन्यांत समान कपात’ एवढी ओळ टाकली असती किंवा आधी दोन मिनिटं बसून सांगितलं असतं, तर हा माणूस चिडला नसता. कौलांचा बेत एप्रिलवर ढकलला असता, इतकंच. त्यांनी १२ बी भरला नसता तर आमच्याकडच्या ५,२०,००० वर कर शून्यच आला असता आणि जुलैमध्ये ७५,६६० अधिक व्याज एकदम उभं राहिलं असतं, हे मी त्यांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा पटलं.

त्यांना आणखी एक सांगितलं, ते तुमच्याही कानावर घालते. १२ बी दिलेल्या माणसाच्या तुमच्या फॉर्म १६ मध्ये मागच्या मालकाचा पगार वेगळ्या ओळीत धरलेला असतो. तो माणूस जुलैमध्ये रिटर्न भरताना जुन्या कंपनीचा पगार पुन्हा मिळवतो आणि दुप्पट उत्पन्न दाखवून घाम फोडून घेतो. फॉर्म १६ मेल करताना त्या ओळीकडे बोट दाखवणारं एक वाक्य लिहा.

करपद्धतीचंही तसंच. जुनी की नवी हे विचारणारा मेल तुम्ही एप्रिलमध्ये सगळ्यांना पाठवता. ऑक्टोबरमध्ये आलेल्याला तो येत नाही, आणि न सांगितल्यास नवी पद्धत धरायची असा नियम असल्याने तुम्ही नवी धरता. घरकर्जाचं व्याज आणि घरभाडं दाखवून जुन्या पद्धतीत असलेला माणूस मधूनच नवीत जाऊन पडतो. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना पद्धत बदलता येते, पण तोपर्यंत पैसे अडकतात.

पीएफबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. नोकरी सोडली की पीएफ काढायचा, ही आपल्याकडे रीतच होऊन बसली आहे. गणपतीला पैसे लागतात, होडीच्या इंजिनाचं काम असतं, बहिणीचं लग्न असतं. पाच वर्षं सलग नोकरी झालेली नसताना काढला तर ती रक्कम करपात्र होते आणि ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर पॅन असूनही साधारणपणे दहा टक्के कर कापूनच हातात येते. तोच पीएफ नव्या कंपनीत वळवला तर मागची वर्षं मोजली जातात. आमच्या पॅकिंगच्या सुपरवायझरने साडेतीन वर्षांचा काढला. पुढे दीड वर्ष थांबला असता तर पाच भरली असती. त्याला हे सांगणारा माणूस त्याच्या निरोपाच्या दिवशी त्याच्यासमोर टेबलापलीकडे बसून ‘ना हरकत’वर शिक्के मारत होता.

तुमच्यावर काय भार असतो ते मला दिसतं. शंभर-दीडशे माणसांच्या युनिटला पगार करणारा एकच माणूस, तोच हजेरी बघतो, तोच कॅन्टीनची बिलं पास करतो, आणि महिनाअखेरीस लाइट गेली की इन्व्हर्टरवर बसून बँकेची फाईल अपलोड करतो. कर सल्लागाराचं काम तुमच्यावर टाकायचं माझ्या मनात नाही. पण वर्षाच्या मधेच आलेल्या माणसांची यादी तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही. जुन्या कंपनीला तो कुठे गेला ते ठाऊक नसतं, सल्लागाराला तो जुलैमध्ये भेटतो.

म्हणून यंदाचं बोलू. तुम्ही आत्ता गुंतवणुकीचे पुरावे मागवायला सुरुवात केली असेल. एप्रिल २०२५ नंतर आलेल्यांची नावं वेगळी काढा आणि त्यांना त्याच मेलमध्ये १२ बी पाठवा, मागच्या कंपनीच्या स्लिपा चालतील असं लिहून. टॅनवाचून अडलं तर तुम्ही स्वतः त्या कंपनीच्या अकाउंट्सला फोन करा. नोकरी सोडून गेलेल्याचा फोन उचलला जात नाही, तुमचा उचलतील. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन पगार अजून हातात आहेत, कपात तिन्हींत वाटता येईल. ज्याला ती जड जाते त्याला १५ मार्चच्या हप्त्याची तारीख सांगा. आधीच्या हप्त्यांचं व्याज लागेल, पण एप्रिलनंतरचं वाढणार नाही. आणि या महिन्यात जो सोडून जाईल त्याच्या रिलीव्हिंग लेटरमागे ते चार ओळींचं पान जोडा. शुभेच्छांचं वाक्य राहू दे.

आमच्या युनिटमध्ये जॉइनिंगच्या फायलीत १२ बी लागला आहे. फॉर्म ११ च्या मागे, पिवळ्या कागदावर, म्हणजे झेरॉक्सच्या गठ्ठ्यात हरवत नाही. कागद कुठल्याही रंगाचा चालेल.

आपली,
एक केमिस्ट, रत्नागिरी

ता. क. हे पत्र लिहायचं ठरल्यावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांपैकी एक स्लिप घेऊन आली. “मॅडम, हे दोनशे कसले कापल्यानी?” पगार १४,२००. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १०७ बरोबर होते. दोनशे होते प्रोफेशन टॅक्सचे, जो महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना एप्रिल २०२३ पासून लागतच नाही. ती एप्रिलमध्ये दुसऱ्या युनिटमधून आमच्याकडे आली, तेव्हा नाव चढवताना पुरुषांचा रकाना निवडला गेला होता. एप्रिल ते नोव्हेंबरचे १,६०० तिला डिसेंबरच्या पगारात परत मिळाले.